हाजी घोड्याचा मोतद्दार

मक्केला गेले दोघं, आणि परत आल्यावर हाजी झाला तो एकटा घोडा.

आता तुम्ही म्हणाल, बूसल्हाम, तुझी जीभ फार चालते. चालते तर चालते. आमच्या सुलतानांच्या, सय्यिदनांच्या पागेत बत्तीस वर्षं शेण उचललंय मी, तेवढा हक्क आहे मला. आमचा मोतद्दार राहाल त्या घोड्याच्या पुढं पायी चालत गेला, त्रिपोलीवरून, कैरोवरून, पार मक्केपर्यंत, आणि तसाच पायी परत आला. पाठीवर एकदाही बसला नाही, कारण घोडा सय्यिदनांचा. दीड वर्ष लागलं. डाव्या पायाची दोन बोटं वाटेतच झडली. आणि वेशीतून आत शिरल्या शिरल्या काय झालं? लोकांनी घोड्याच्या टापांखालची माती कपाळाला लावली, बायकांनी गच्च्यांवरून जिभा वळवून ललकाऱ्या दिल्या, आणि राहालला कोणीतरी कोपरानं ढकलून म्हणालं, "बाजूला हो रे, हाजींना वाट दे!"

मी त्याला चिडवायचो. "राहाल, लेका, पुण्य सगळं घोड्यानं नेलं. तुझ्या वाट्याला आले नुसते फोड."

"त्यानं दुवा जास्त मन लावून मागितली असेल," तो म्हणायचा, आणि खरारा करत राहायचा. त्याला चिडवण्यात काही मजाच नव्हती.

माणूस असा, की गर्दीत तुम्हाला दिसणार नाही. बुटका, कान मोठे, अंगात तपकिरी जेलाबा, पायघोळ झगा, वर्षभर तोच. बायको लवकर गेली. एकच मुलगी, तूदा. तिला त्यानं पागेच्या मागच्या खोलीत जवाच्या पोत्यांमध्ये वाढवलं. तो कोणाशी भांडला नाही, कोणाला भ्यायलाही नाही. आम्ही मात्र भ्यायचो, आणि का नाही भिणार?

सय्यिदना म्हणजे आमचे मालक. त्यांचं नाव आम्ही घेत नाही. त्या काळी सबंध मुलूख त्यांच्या एका भुवईकडं बघून श्वास घ्यायचा. वाळवंटापासून समुद्रापर्यंत बाई सोन्याचं कडं घालून एकटी चालत गेली तरी कोणी तिला "कुठं चाललीस" म्हणून विचारत नव्हतं. शहराभोवती भिंत, तिच्या आत भिंत, तिच्याही आत भिंत, आणि तरी बांधकाम थांबत नव्हतं. धान्याचं कोठार एवढं मोठं की या दारातून आवाज दिला तर त्या दारातल्याला ऐकू जायचा नाही. बारा हजार घोडे. होय, बारा हजार, मी मोजले नाहीत, पण शेण उचललं आहे.

एकदा सय्यिदना पागेतून चालले होते. मी मान खाली घालून उभा. ते माझ्यासमोर थांबले. मला फक्त त्यांचे पिवळे जोडे दिसत होते. "ती तिसरी घोडी," ते म्हणाले, "मागचा डावा पाय हलका टाकते आहे." आणि पुढं गेले. पाय उचलून बघितला तर खुरात बाभळीचा काटा, नखाएवढा. मी रोज दोनदा तिचे पाय धुवत होतो आणि मला दिसला नव्हता! थंडीचे दिवस होते, तरी माझा सदरा घामानं पाठीला चिकटला. बारा हजारांत त्यांना एक काटा दिसतो. असा धनी. त्यांच्या राज्यात राहायचं म्हणजे सतत कोणीतरी मानेमागं उभं आहे असं वाटायचं, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा अभिमानही वाटायचा.

पण या एवढ्या मोठ्या सय्यिदनांनाही एका गोष्टीपुढं थांबावं लागायचं, आणि ती गोष्ट म्हणजे आमचा हाजी.

मक्केहून आलेल्या घोड्यावर कोणी बसत नाही. त्याच्या गळ्यात जपमाळ असते. त्याला दोरी लावायची नाही, हात उगारायचा नाही, त्याची वाट अडवायची नाही. आणि ज्याच्या मानेवर तलवार टांगली आहे असा माणूस त्या घोड्याला बिलगला, नुसता शिवला तरी, त्याला माफी. मग त्यानं काहीही केलेलं असो. हा कायदा सय्यिदनांनीच घालून दिला होता आणि त्यांनी तो एकदाही मोडला नाही. माझ्या डोळ्यांदेखत सदतीस माणसं हाजीच्या पायाशी वाचली. मिठाचा चोर आला, कर दाबून ठेवलेला एक अंमलदार आला, सय्यिदनांच्या कबुतराच्या मांसाच्या पुरीत हाड विसरलेला आचारी आला. राहाल कोणाला गुन्हा विचारायचा नाही. भाकरी द्यायचा, पाणी द्यायचा, आणि म्हणायचा, "सावकाश, त्याच्या मागं उभा राहू नको, लाथ मारतो."

दर शुक्रवारी सय्यिदना मशिदीत जात, तेव्हा हाजी मिरवणुकीच्या अगदी पुढं असायचा. त्याच्याही पुढं दहा पावलांवर राहाल, रिकाम्या हातांनी. दोरी नाही, हाक नाही, मागं वळून बघणं नाही. तो चालायचा आणि घोडा त्याच्या मागून यायचा, मक्केच्या वाटेवर यायचा तसा. मागं हिरव्या छत्राखाली सय्यिदना, त्यांच्या मागं हजार शिपाई. दर शुक्रवारी बघून बघून माझे डोळे झिजले, तरी दर शुक्रवारी अंगावर काटा यायचा.

तूदाचं लग्न मैमूनशी झालं. मैमून भिंतीवाला. फळ्यांच्या साच्यात माती आणि चुना टाकायचा, दोन्ही बाजूंनी माणसं उभी करून गाण्याच्या ठेक्यावर धुम्मसानं ठोकून घ्यायची, असं त्याचं काम. पोरगा मेहनती, जरा शिष्ट. नवी माती आली की भिंतीवाला तिची चिमूट जिभेवर ठेवतो. माती खारट असेल तर ती गाडी परत, कारण खारट मातीची भिंत पहिल्या पावसाला घाम सोडते आणि तिसऱ्याला बसते. लहान पोरालाही हे माहीत असतं.

त्या वर्षी नव्या कोठाराची भिंत रमजानात चढत होती. खाण बदलली, नवी माती आली. आणि मैमूनचा रोजा. त्यानं माती जिभेवर ठेवलीच नाही! हुंगली, हातात चुरली, आणि म्हणाला, चालेल. अरे, चाखून थुंकायची होती, तेवढ्यानं रोजा थोडाच मोडतो! पण नाही, साहेबांना रोजा काटेकोर पाळायचा होता. रमजान सरला, तिसरा पाऊस आला, आणि ऐंशी पावलं भिंत एका दुपारी जमिनीवर बसली. माणूस कोणी मेलं नाही, तेवढी अल्लाची मेहेरबानी.

हे झालं बुधवारी. गुरुवारी तिसऱ्या प्रहरी तूदा धावत पागेत आली. डोईवरचं कापड खांद्यावर घसरलेलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले.

"बाबा, त्याला बांधलाय. पडलेल्या भिंतीपाशीच बांधून ठेवलाय. उद्या नमाजाहून परत येताना सय्यिदना तिथं थांबणार आहेत."

थांबून काय करणार आहेत ते तिनं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. गेल्या वर्षी दुसऱ्या एका भिंतीवाल्याचं काय झालं ते आम्ही पाहिलं होतं.

"सोडवून पळवता येईल?" मी विचारलं.

"सहा शिपाई आहेत, काका. मी पाणी घेऊन गेले तर तेही ओतून टाकलं." मग ती बापाकडं वळली. "तुमच्या दाराशी चोर वाचले, बाबा. माझा माणूस पाचशे पावलांवर बसलाय आणि त्याला इथवर येता येत नाही."

राहाल तोबरा धरून उभा होता. घोडा जव चावत होता. 

"घरी जा," तो म्हणाला. "काहीतरी खा."

"बाबा!"

"जा म्हटलं ना, पोरी. पाय धू आणि खा."

ती गेल्यावर मी त्याच्याकडं बघितलं. मशिदीचा रस्ता त्या भिंतीच्या बाजूनंच जातो. चाळीस पावलांचं अंतर. हा मनात काय शिजवतोय ते मला कळलं.

"राहाल, डोकं फिरलंय का तुझं? सय्यिदनांची मिरवणूक आडरानात नेणार तू?"

"मी मिरवणूक कशाला नेतोय? मी चालेन. घोड्याची वाट कोणी अडवत नाही."

"घोड्याची नाही अडवत. पण तुझं काय? तुझी मान काय लोखंडाची आहे?"

कारण एक गोष्ट अजून सांगायची राहिली. हाजीला बिलगून सगळे वाचतात, पण मोतद्दार वाचत नाही. कायद्यातच तसं आहे. पहिल्या पहिल्या दिवसांत एक मोतद्दार होता. तो जव चोरायचा आणि पकडला गेला की घोड्याची शेपटी धरून दात काढायचा. असं चार वेळा झालं. तेव्हा सय्यिदनांनी हुकूम काढला, की ज्याचे हात रोज घोड्याला लागतात त्याच्या हातांना घोड्याचा आसरा नाही. म्हणजे सबंध शहरात हाजी ज्याला वाचवू शकत नाही असा माणूस एकच, राहाल.

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला.

"ठाऊक आहे म्हणे! दुसरी काहीतरी वाट काढू. काजीकडं जाऊ, मुलाबाळांची शपथ घालू..."

"बूसल्हाम," तो म्हणाला, "त्याच्या उजव्या डोळ्यात पाणी येतं आजकाल. सकाळी कोमट पाण्यानं पुसायचं, थंड नाही. लक्षात ठेव."

मी त्याला शिव्या दिल्या. खूप दिल्या. त्यानं एकही परत केली नाही.

शुक्रवार उजाडला तो लख्ख ऊन घेऊन. पावसानं धुतलेलं शहर, भिंतींवर करकोचे, रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसांची भिंत. नगारे वाजले. राहाल निघाला, रिकाम्या हातांनी. मागं हाजी, पांढरा, गळ्यात माळ. मी उजव्या बाजूला गवताची पेंढी घेऊन, ते माझं नेहमीचं काम. मागं छत्र. 

भिंतीची रेघ संपली आणि तो ढिगारा दिसला. ढिगाऱ्यापुढं मैमून गुडघ्यावर बसलेला, हात पाठीमागं बांधलेले. तूदा कुठं दिसेना.

राहाल डावीकडं वळला. अडखळला नाही, घाई केली नाही. रस्ताच तसा वळतो अशा थाटात वळला. आणि घोडा त्याच्या मागून वळला.

नगारे आधी बंद पडले. मग टाळ्या, मग ललकाऱ्या. हजार शिपाई, इतकी माणसं, आणि घोड्याच्या टापांचा चिखलात पचक पचक आवाज तेवढा येत होता. मैमूनच्या भोवतीचे सहा शिपाई भाले धरून उभे होते. घोडा सरळ त्यांच्यावर चालून येत होता. बाजूला व्हावं की नाही त्यांना कळेना. मग एकानं भाला खाली घातला आणि मागं सरला. त्याच्यामागून पाचही सरले. हाजीची वाट अडवायची नाही!

राहाल मैमूनला वळसा घालून त्याच्या पाठीमागं जाऊन उभा राहिला. घोडा आला, थांबला, आणि राहालपर्यंत पोचायला त्यानं मान मैमूनच्या खांद्यावरून लांब केली. मैमूनचे हात बांधलेले. त्यानं तोंड वर केलं आणि गळ्यातली माळ दातांत धरली. डोळे गच्च मिटलेले, गालांवरून पाणी वाहतंय, आणि दातांत मक्केची माळ. मी मरेपर्यंत ते विसरणार नाही.

सय्यिदना छत्राखालून बाहेर आले. उन्हात. घोडा चालवत थेट तिथवर आले आणि थांबले. मैमूनकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मैमूनचा प्रश्न संपला होता.

"घोडा कोणी वळवला?"

आवाज चढलेला नव्हता. माझ्या हातातल्या पेंढीतलं गवत खाली गळत होतं.

"मी वळलो," राहाल म्हणाला. "अल्ला आमच्या मालकाला उदंड आयुष्य देवो. तो माझ्या मागून आला, सय्यिदना. त्याचा काही दोष नाही."

"तू माझ्या वाटेवरून वळलास."

"होय, सय्यिदना."

सय्यिदनांनी त्याच्याकडं किती वेळ बघितलं कोण जाणे. मग म्हणाले, "आजपासून तू हाजीचा मोतद्दार नाहीस." आणि शिपायांकडं मान वळवली.

तेवढाच वेळ. मान या खांद्यावरून त्या खांद्यावर जायला लागतो तेवढा. तेवढ्यात राहालनं हात उचलला आणि घोड्याच्या मानेवर ठेवला.

शिपायांचा मुख्य पुढं आला होता, तो तसाच एका पायावर थांबला. सय्यिदना पुन्हा इकडं वळले आणि त्यांना तो हात दिसला. मोतद्दाराचा नव्हे. आताच, सगळ्यांसमोर, त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, की हा मोतद्दार नाही. मग हा कोण? कोणीही. घोड्याला बिलगलेला कोणीही माणूस.

सय्यिदनांची मूठ तलवारीवर होती. ती उघडली. त्या हातानं त्यांनी दाढी कुरवाळली, एकदा, दोनदा. त्यांच्या तोंडावर काय होतं? राग होता? हसू होतं? मी बारा पावलांवर होतो आणि मला सांगता येत नाही. एवढं खरं, की ज्यानं सबंध मुलूख मुठीत ठेवला तो माणूस आपल्याच एका शब्दापुढं थांबला, आणि मला तेव्हा त्यांची जेवढी भीती वाटली तेवढी कधीच वाटली नाही.

"तू," ते म्हणाले. बोट माझ्याकडं होतं. "पुढं चाल."

झालं. मी मोतद्दार! पेंढी टाकली आणि रिकाम्या हातांनी रस्त्याच्या दिशेनं निघालो. पाच पावलं, दहा पावलं. मागं टापांचा आवाज नाही. वळून बघायचं नसतं, तरी बघितलं. घोडा जागचा हललेला नव्हता. राहालच्या छातीला नाक लावून उभा होता. आता घोडा आला नाही तर काय, ते मला कोणी समजावून सांगायला नको होतं. 

राहालनं जेलाबा डोक्यावरून काढला आणि माझ्याकडं फेकला. "घाल," म्हणाला. "आणि घाई करू नको. तुझं पाऊल लांब पडतं."

मी घातला. घामाचा, जवाचा, घोड्याचा वास. छोटी छोटी पावलं टाकत निघालो. राहालनं घोड्याकडं पाठ केली आणि ढिगाऱ्याकडं तोंड करून, नुसत्या सदऱ्यात, उन्हात उभा राहिला. सोळा पावलं मोजली मी. सतराव्याला मागून पचक पचक ऐकू आलं.

मैमूननं ती ऐंशी पावलं पुन्हा बांधली, आणि आता गाडीभर माती चाखल्याशिवाय फळी लावत नाही. राहाल त्याच्याकडं मातीच्या टोपल्या वाहायला लागला. पागेकडं तो पुन्हा आला नाही. शुक्रवारी तर सकाळीच दुसऱ्या वेशीतून बाहेर पडायचा आणि ऑलिव्हच्या बागांपलीकडं जाऊन बसायचा. वाऱ्यावर त्याचा वास घोड्याला आला आणि घोडा वळला, तर मान माझी जाणार होती. नऊ वर्षं तो असा गेला, एकही शुक्रवार न चुकता, पावसातसुद्धा. मी शनिवारी त्याच्याकडं जायचो आणि सांगायचो. डोळा बरा आहे. जव कमी खातो. नव्या नालेवर खूश नाही. नालेची गोष्ट तो दोन दोनदा विचारायचा.

शहरात मात्र वाद सुरू झाला, तो आजही चालू आहे. अर्धे म्हणतात, सय्यिदनांनी जाणूनबुजून त्याला आधी कामावरून काढलं, काटा ज्याला दिसतो त्याला हे दिसलं नसेल का? अर्धे म्हणतात, छे, राहाल पक्का, एका श्वासाच्या फटीतून निसटला. हम्मामात, न्हाव्याकडं, सगळीकडं तेच. मी राहालला विचारायचो, तो विषय टाळायचा.

यंदा वसंतात हाजी गेला. उभा होता, खाली बसला आणि गेला. सय्यिदनांनी त्याला माणसासारखं कफन दिलं. मी राहालकडं सांगायला गेलो. तो ओट्यावर बसून जवाची लापशी खात होता.

ऐकून त्यानं वाडगं खाली ठेवलं. विचारलं, "एकटा होता?"

"नाही. माझा हात होता मानेवर."

"बरं झालं," तो म्हणाला.

मग मला राहवेना. आता कोणाची मान जाणार नव्हती, आता लपवायचं काय? "राहाल, आता तरी खरं सांग. सय्यिदनांनी मान वळवली, तेवढ्यात तुला सुचलं तरी कसं? काढून टाकल्यावर आसरा मिळतो, हे एवढ्यात तुझ्या डोक्यात आलं कसं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. डोळे भरून आले होते, आणि मला वाटतं तो थोडा चकितही झाला होता, की मी एवढी वर्षं हे विचारत होतो.

"आसरा कसला, बूसल्हाम? माझ्या डोक्यात काही आलं नाही. मला वाटलं, आता मारणार. म्हटलं, जाण्याआधी त्याला एकदा हात लावून घ्यावा."